लिफ्टमधला आवाज आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टॅग आहे. कपड्याला लोंबणारा नव्हे. लिफ्टला बोलतं करणाऱ्या एका प्रोग्रामच्या साठ्यात मी राहतो. तिथे प्रोग्रामची प्रत्येक जुनी अवस्था जपलेली असते आणि त्यांतल्या एकीवर मला चिकटवलेलं आहे. पुढे कितीही काम होवो, मी जागचा हलत नाही. माझ्या दिवसापुढे साठ्यात काय बदललं, ते मला दिसतही नाही. म्हणून स्वभाव संशयी झाला. ज्याला पळता येत नाही, त्याने आल्यागेल्यावर नजर ठेवावी.

मला चिकटवलं दादांनी. लिफ्टच्या वर्कशॉपचे दोन भागीदार होते. त्यांतले हे थोरले. लिफ्टसाठी बोलायला कोणी मिळेना, म्हणून तिला त्यांनी स्वतःचाच आवाज दिला. ‘तिसरा मजला. दार बंद होतंय, हात सांभाळा.’ लोक हसत, “लिफ्टमध्ये सासरा बसवलाय की काय?” पण हात सांभाळत.

पुढे दादांना आजाराने गाठलं. एका दुपारी त्यांनी मला लावलं. त्यानंतर त्यांच्या आवाजाची फाइल काढली गेल्याचं कानावर आलं. काढणारा हात मला दिसला नाही. माझा संशय धाकट्या भागीदारावर. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांचा मला भरवसा नाही.

दादा गेले. आठवड्याभरात त्यांच्या लेकीच्या इमारतीतली लिफ्ट सर्व्हिसिंगनंतर परक्या बाईच्या आवाजात बोलू लागली. लेक तडक वर्कशॉपात आली. तिने धाकट्या भागीदारासमोरच प्रोग्रामचा आजचा फोल्डर उघडला. फाइल नव्हती.

“काका, एवढी घाई होती?”

“बस आधी.”

“बसायला नाही आले. घरी त्यांचा आवाज कशातच नाही. होता तो तुम्ही पुसलात.”

“काढलाय तो. पुसलेला नाही.”

“शब्दांत गुंडाळू नका मला.”

मी मनात म्हटलं, शाबास पोरी. काकांनी कीबोर्ड ओढला आणि माझी पाचावर धारण बसली. मला उडवायला एक ओळ पुरते. मी गेलो तरी ती अवस्था साठ्यात राहील; पण हजारो अवस्थांत तिला शोधणार कोण?

काकांनी मात्र फाइल काढल्याची नोंद उघडली. काढणाऱ्याचं नाव: दादा.

“आमचा शिरस्ताच आहे, आधी टॅग, मग काढायचं,” काका म्हणाले. “मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, लेक रोज त्याच लिफ्टने जाते. मी नसताना रोज तिच्या कानावर कशाला पडू?”

ती बसली. काकांनी माझं नाव टाइप करून माझा दिवस उघडला. फाइल जिथल्या तिथे होती.

‘तिसरा मजला. दार बंद होतंय, हात सांभाळा.’

तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

“परत बसवू लिफ्टमध्ये?”

“नको. त्यांनी काढलंय ना.” तिने एक प्रत स्वतःजवळ घेतली. “हा टॅग तेवढा राहू द्या, काका.”

मित्रांनो, काही काढायचंच असेल तर आधी खूण लावून ठेवा. आणि कुणावर बोट रोखण्याआधी मागचं उघडून बघा. हे मी सांगतोय, ज्याने इतके दिवस एका भल्या माणसावर डोळा ठेवला.

आताही कीबोर्डवर कुणाचा हात आला की मी बिचकतो. सवय जात नाही. पण महिन्यातून एकदा ती येते, माझं नाव टाइप करते, आणि ते दार पुन्हा बंद होतं.