न उचललेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या भिंगात आतून बुरशी धरली आहे आणि माझा चामड्याचा पट्टा दोनदा तुटून दोनदा शिवला गेला आहे. मित्रांनो, माझे काम बघण्याचे. आयुष्यात एकदाच, अगदी जवळ असूनही मला बघू दिले गेले नाही. त्यानंतर जे दिसले, ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने माझी भिंगे पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि समाधानाने मान हलवून मला खोक्यात ठेवले. समुद्र ओलांडून मी अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला पोहोचले. तिथे फिनलंडहून आलेल्या लोकांची जुनी वस्ती आहे. उर्हो कांगास नावाच्या मेंढपाळाने मला विकत घेतले. उर्हो वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, आउनेने, मला गळ्यात घातले. साठ मेंढ्या, एक कुरण आणि तिन्ही बाजूंनी जंगल, एवढा तिचा संसार.

त्या जंगलात लांडगेही होते आणि कायोटही. कायोट म्हणजे कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा धूर्त प्राणी. कायोटाला गोळी घालायला मुभा होती, लांडग्याला मात्र कायद्याने बंदी होती. लांबून दोघे सारखेच करडे दिसत. म्हणून आउने आधी मला डोळ्यांना लावी आणि पुटपुटे, "कान बघू. मोठे आणि टोकदार, म्हणजे कायोट. आखूड, गोलसर, म्हणजे लांडगा. तोंड निमुळतं की रुंद? आणि पाय?" लांडग्याचा पंजा माणसाच्या तळहाताएवढा असतो. कायोटाचा त्याच्या निम्म्याने.

तिचा दीर रेनो शेजारीच राहायचा. तो हसायचा.

"वहिनी, तू त्याचं लग्न जमवतेयस का? एवढं नाकडोळे बघतेस ते!"

"तुझ्या लग्नात कुणी बघितले असते, तर तुझी बायको, बिचारी आइनो, वाचली असती," आउने म्हणायची. मग दोघे वेलदोडा घातलेला गोड पाव कॉफीत बुडवून खात.

एका वसंतात वस्तीतली एक मेंढी मेली आणि सगळ्यांनी लांडग्यांकडे बोट दाखवले. आउनेने जाऊन गळ्यावरच्या दातांच्या बारीक खुणा दाखवल्या, ओल्या मातीतला लहानसा ठसा दाखवला. "हा कायोट आहे. लांडगे आपल्या हद्दीत कायोटांना टिकू देत नाहीत. लांडगे मारलेत, तर कायोट वाढतील." वनखात्याच्या माणसाने तिची पाठ थोपटली आणि तिच्याकडे कॉफी घेतली. त्या दिवशी ती मला बाहीने पुन्हा पुन्हा पुसत होती. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

मग ऑक्टोबर आला. तीन दिवसांत दोन कोकरे गेली. दोन्हींच्या गळ्यावर दातांच्या त्याच बारीक खुणा होत्या. धाकटे कोकरू आउनेने बाटलीने दूध पाजून वाढवले होते. ते तिला कुंपणाशी सापडले तेव्हा त्याच्या अंगात अजून ऊब होती. सकाळची वेळ, कुरणभर धुके. ती बंदूक घेऊन उभी राहिली. रेनो धावत आला. तेवढ्यात झाडांच्या कडेला काहीतरी करडे हलले.

"तोच आहे! मार, वहिनी, मार! पळेल तो!"

मी तिच्या छातीवरच होते. तिचे काळीज माझ्यावर आपटत होते. फक्त एकदा उचल, असे मला ओरडावेसे वाटले. पण दुर्बिणीला तोंड नसते. तिने गोळी झाडली.

आम्ही जवळ गेलो. ती वाकली आणि मी तिच्या गळ्यातून लोंबू लागले, अगदी त्याच्या तोंडासमोर. आखूड, गोलसर कान. रुंद तोंड. त्याच वसंतात जन्मलेले लांडग्याचे पिल्लू. अंगाने कायोटाएवढे, पण पाय मात्र केवढे मोठे! त्या पायांना साजेसे अंग अजून वाढायचे राहिले होते.

"पुरून टाकू," रेनो हळूच म्हणाला. "कुणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय," आउने म्हणाली आणि फोन करायला घरात गेली.

वनखात्याचा तोच माणूस आला. त्याने पिल्लू नेले, बंदूकही नेली. या वेळी त्याने कॉफी घेतली नाही.

त्यानंतर अकरा दिवस, सूर्य मावळायला आला की एक मोठी लांडगीण त्याच जागी येऊन उभी राही. ती मेंढ्यांकडे ढुंकूनही बघत नसे. गवत हुंगे, मान वर करी आणि आमच्या खिडकीकडे पाही. आउने मला डोळ्यांना लावून तिच्याकडे पाही. माझ्या एका बाजूला आउनेचे ओले डोळे आणि दुसऱ्या बाजूला ते पिवळे डोळे. मधे मी. बाराव्या दिवशी कोणी आले नाही. कळप ती हद्द सोडून गेला होता.

हिवाळ्यात कायोट मोकाट झाले. आणखी सात मेंढ्या गेल्या. मग आउनेने एक दांडगी राखणीची कुत्री आणली, कुंपणावर फडफडणाऱ्या लाल फडक्यांची दोरी लावली, मेलेले जनावर लगेच खोल पुरू लागली, कोकरांना संध्याकाळी गोठ्यात घेऊ लागली. मला मात्र तिने पत्र्याच्या डब्यात बंद केले. तिला माझ्यातून त्या पिवळ्या डोळ्यांखेरीज दुसरे काही दिसतच नव्हते. चार वर्षे मी त्या अंधारात होते. बुरशी तिथेच धरली.

एका सकाळी डबा उघडला. रेनो होता. त्याची बंदूक भिंतीला टेकलेली होती.

"वहिनी, कुंपणापाशी काहीतरी आहे. धुकं आहे. तू बघून सांग."

"मी नाही," आउने जागची हलली नाही. "तू बघ."

त्याने मला डोळ्यांना लावले.  मधले चाक हळूहळू फिरवले.

"कान आखूड आहेत," तो म्हणाला. "तोंड रुंद. पाय... वहिनी, पाय केवढे आहेत गं!"

त्याने बंदूक घेतली नाही. बादली घेतली आणि काठीने बडवत, शिव्या घालत कुरणात धावला. लांडगा वळला आणि झाडांत गेला. आउने दारात उभी राहून रडत होती. का, ते रेनोने विचारले नाही.

परत आल्यावर त्याने भिंतीत एक खिळा ठोकला आणि मला तिथेच ठेवलेल्या आपल्या बंदुकीच्या पुढ्यात टांगले. आता बंदूक घ्यायची, तर आधी मला हातात घ्यावेच लागते.

मित्रांनो, माझे एक भिंग आंधळे झाले आहे, पण दुसरे अजून नीट दिसते. राग आला, घाई झाली, शेजारी कोणी "मार, मार" म्हणू लागले, तर तेवढा एक क्षण थांबा. आधी मला उचला.