भरलेल्या दुकानाचा कर

आमच्या ह्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, आणि फोनवर बोलायची अशी तऱ्हा, की ऐकणाऱ्याला वाटावं आत वीस माणसं डोकी पुढे करून बसलीत. कुणी विचारलं, "आत्ता येऊ का?" की दुकानात चिटपाखरू नसताना हे म्हणणार, "आज फुल्ल आहे हो, गुरुवारी बघू." रिकाम्या दुकानात कुणी आपलं डोकं देत नाही, असं ह्यांचं शास्त्र. चार वेळा परत पाठवलं की पाचव्यांदा माणूस धावत येतो म्हणे. तो चार वेळा परत गेलेला माणूस मागच्या गल्लीतल्या सलूनमध्ये जाऊन बसतो, हे मी कितीदा सांगितलं! पण माझं ऐकतील तर ते हे कसले?

मी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर असते. फुल्ल म्हणजे काय, ते मला विचारा.

तर ह्यांनी चार वर्षं कराचं विवरणपत्रच भरलं नाही. खात्याची पत्रं यायची, ती न उघडता आरशामागे खोचायची, की काम झालं. शेवटी खात्यानंच उत्पन्नाचा अंदाज बांधला. कसा बांधला, तर त्यांच्या माणसानं गिऱ्हाईक म्हणून तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा ह्यांनी त्याला झोकात गुरुवार दिला. मग काय! दोन्ही खुर्च्या सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेल्या असं धरून चार वर्षांचा कर, वर व्याज, वर दंड. महिनाअखेरीपर्यंत भरा, नाहीतर दुकानाला सील. नोटीस दारावरच चिकटवली, म्हणून मला कळलं तरी.

"एवढे मिळवलेत, तर ठेवलेत कुठे?" मी तोंडाचा पट्टा सोडला. हे आपले कात्र्या पुसत बसले.

माझा मामेभाऊ करसल्लागार आहे. त्याला बोलावलं. त्यानं नोटीस वाचली आणि म्हणाला, "घाबरू नका भाऊजी, मार्ग आहे. हा नुसता अंदाज आहे. आपण चारही वर्षांची विवरणपत्रं आत्ता भरू, खरं उत्पन्न दाखवू, दंड माफीचा अर्ज करू, उरेल त्याचे हप्ते मागू. मला फक्त सांगा, दिवसाला गिऱ्हाईकं किती?"

"वीस-पंचवीस," हे माझ्याकडे बघून म्हणाले.

"भाऊजी, खरी सांगा."

"अरे, सुट्टीच्या दिवशी तीससुद्धा होतात!"

मामेभावानं कपाळाला हात लावला. "ताई, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कमाई कमी करून सांगतो. हट्टानं वाढवून सांगणारे हे पहिलेच."

मला तर खरं काय तेच कळेना. घरखर्चाचे पैसे हे महिन्याच्या महिन्याला हातावर ठेवायचे, त्यामुळे मलाही वाटायचं, फोनवर थापा मारत असले तरी बरं चालत असेल. मग चालतंय तर कर का भरत नाही हा माणूस? दुकान गेलं तर पन्नाशीत कुठे जाणार, दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहायला? रागानं माझं डोकं भणभणत होतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. अधिकारी मॅडम शांत होत्या. त्यांनी विचारलं, "रोजची गिऱ्हाईकं किती?"

हे खिशातला कंगवा चाचपत बसले. मामेभाऊ टेबलाखालून ह्यांना ढोसतोय. मी म्हटलं, "अहो, बोला की! वाचा बसली का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तू जरा बाहेर बस."

मी! रजा टाकून आलेली मी, बाहेर बसू? तणतणत बाहेर आले आणि बाकावर आदळले. मागोमाग मामेभावानं दार लावलं, पण ते नीट लागलंच नाही.

"चार," ह्यांचा आवाज आला. "कधी दोन. पावणेदोन वर्षांपूर्वी तर एक आठवडा कुणीच नाही."

"मग घर कशावर चालतं?"

"पहाटे डेअरीत दुधाचे क्रेट उतरवतो, मॅडम. हिला सांगितलंय, फिरायला जातो."

आत कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "ती मजुरीही उत्पन्नात धरावी लागेल."

"धरा की. त्याच्यावरही कर लावा. फक्त घरी काही पत्र पाठवू नका."

ह्यांच्या खांद्याला मलम चोळताना मी म्हणायचे, चालून कधी खांदा दुखतो का हो? आणि हे हसायचे. मेल्या माणसा, माझ्यापासून लपवायचं होतं तर हेच सापडलं? बाकावर बसून मी पदरानं डोळे पुसले, मग पुन्हा पुसले.

अर्ध्या तासानं हे बाहेर आले, कॉलर ताठ करत. मागून मामेभाऊ माझी नजर चुकवत जिन्याकडे सटकला.

"जमलं!" हे म्हणाले. "रक्कम पार खाली आली. दंड माफ, बाकीचे हप्ते. मॅडमना म्हटलं, धंदा जोरात आहे, पण सगळं एकदम नको. लगेच ऐकलं त्यांनी."

"पहिला हप्ता मी भरते," मी म्हटलं.

"तू कशाला? मला काय कमी आहे?"

"काही कमी नाही हो. भरू द्या की मला."

तेव्हा ह्यांचं लक्ष त्या अर्धवट उघड्या दाराकडे गेलं. ह्यांचा चेहरा एकदम पडला.

"तुला आतलं ऐकू येत होतं?"

"छे!" मी म्हटलं. "एक शब्द नाही. इथे पंख्याचा आवाज केवढा."

ह्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. छताला पंखाच नव्हता.

"हो ना," हे म्हणाले आणि माझी पर्स आपल्या हातात घेतली. "आतसुद्धा येत होता."