सामाईक विहिरीतला आवाज

लोणावळ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या सारिकाला मोडकी वस्तू टाकवत नसे. गाणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डातली पितळी चकतीही तिने अशीच जपून ठेवली होती. चकती थरथरली की तिच्यात बारीकशी वीज तयार होते, हे तिला माहीत होतं. मग ती पाण्यात सोडली तर? पाण्याखाली काय ऐकू येतं?

एका रविवारी तिने चकतीला लांब वायर सोल्डर केली, चकती मेणात बुडवली आणि वायरचं दुसरं टोक जुन्या स्पीकरमधल्या अॅम्प्लिफायरला जोडून त्याला हेडफोन लावले. बादलीत घालून पाहिलं, तर मेणाला चीर गेली आणि नुसती घरघर आली. तिने पुन्हा मेण चढवलं, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट आवळला आणि शेतातल्या विहिरीकडे निघाली.

लोणावळ्याजवळच्या औंढे गावातली ही विहीर शेजारच्या अंबाजींशी सामाईक. सारिका वायर खाली सोडत होती, तेवढ्यात सासूबाई, शालूबाई, तिथे आल्या.

"मासं धरतीस का काय?"

"नाही आई. पाण्यात आवाज असतो का, ते बघतेय."

हेडफोनमध्ये आधी गुडगुड झाली. मग चर्र, चर्र, चर्र. मध्येच थांबायचं, परत सुरू व्हायचं. सारिकाने हेडफोन सासूबाईंच्या कानाला लावले. शालूबाई हळूच काठावर बसल्या.

"आत कोनतरी हाय," त्या म्हणाल्या.

अंबाजी मोटार चालू करायला आले होते. त्यांनीही ऐकलं. "झरा हाय तो. दुसरं काय असनार?"

"झरा असा मधीच गप बसंल व्हय?" शालूबाईंनी विचारलं.

सारिकाला मोटारीच्या विजेचा संशय होता. तिने अंबाजींना मेन स्विच पाडायला सांगितला. तरी आवाज चालूच. मग शालूबाईंनी पोहऱ्याने पाणी शेंदून बादली भरली आणि सारिकाने चकती तिच्यात सोडली. काहीच नाही.

"बगा, झराच," अंबाजी म्हणाले. पण ते गेले नाहीत. तिघंही बादलीभोवती बसून राहिले. जरा वेळाने सारिकाने हेडफोन त्यांच्यापुढे धरले. अंबाजींनी ते कानाला लावले, काढले, परत लावले.

"आता बादलीत झरा कुटनं आला?" ते स्वतःशीच म्हणाले.

शालूबाई घरी जाऊन पाणी गाळायचं फडकं घेऊन आल्या. गाळलेलं पाणी कितीही वेळ ऐकलं तरी मुकं. फडक्यात अडकलेलं त्यांनी काचेच्या बरणीत झटकलं, वर थोडं पाणी ओतलं. तिळाएवढे तपकिरी किडे वल्ही मारल्यासारखे पाय हलवत फिरू लागले. चकती आत सोडून सारिका वाट बघत राहिली. किडे बुडाशी जाऊन निवांत झाले, आणि चर्र सुरू झालं.

"एवढासा जीव, आन केवढा आवाज," शालूबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आल्यापासनं हितलंच पानी भरतेय मी. कधी कळलं न्हाई."

किडे त्यांनी स्वतःच्या हाताने विहिरीत परत सोडले.

पुढचे चार दिवस त्या पाणी भरताना विहिरीत डोकावून बघत. मग भाकरी थापताना म्हणाल्या, "सारिका, पवनेच्या धरनात बी असंच असंल का?"

सुट्टीच्या दिवशी दोघी स्कूटरवरून तिकोणा पेठेच्या बाजूला, धरणाच्या काठाशी गेल्या. सारिकाने खडकावर बसून वायर सोडली. इथे चर्र नव्हतं. खोलातून टक, टक असा सावकाश आवाज येत होता, कोणी नखाने पाटा वाजवावा तसा. आसपास होडी नव्हती, पंप नव्हता.

"मासं असतील?" शालूबाईंनी विचारलं.

"असतील. नसतीलही. मला माहीत नाही, आई."

उत्तर ऐकून त्या नाराज झाल्या नाहीत. त्यांनी हेडफोन नीट बसवून घेतले, हातानेच सारिकाला गप्प राहायची खूण केली आणि पाण्याकडे बघत ऐकत राहिल्या.

"वायर तोकडी पडतीय," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "आजून खाली सोडाय पायजे."