फोटोतला मोकळा कुत्रा

बालवाडीच्या बाईंवर गुन्हा शाबित व्हायला एकूण दीड मिनिट लागलं. त्या सकाळी न्यायालयात साठ प्रकरणं होती. कारकुनाने एका दमात वाचलं, की आपल्या मालकीचा कुत्रा अमुक तारखेला रस्त्यावर मोकळा आढळला, कबूल आहे का? बाईंना त्यातलं ‘आपल्या मालकीचा’ एवढंच नीट ऐकू आलं. “हो, कुत्रा माझाच आहे,” त्या म्हणाल्या. तीस वर्षं त्या मुलांना हेच शिकवत होत्या, की जे आपलं आहे ते आपलं म्हणावं, मग तो सांडलेला रंग का असेना. न्यायाधीशांनी ‘गुन्हा कबूल’ असं लिहून पुढचं प्रकरण पुकारलं.

कुत्र्याचं नाव पेन्शनर. वय तेरा, एका कानाने बहिरा आणि दुसऱ्या कानाने ऐकून न ऐकल्यासारखं करणारा. बसल्या जागेवरून उठायलाही त्याला काही सबळ कारण लागे.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, म्हणाला की दंड किरकोळ आहे, भर आणि विसरून जा. पण बालवाडीचा परवाना दोन महिन्यांत संपत होता आणि नव्या अर्जात अकरावा रकाना होता: ‘अर्जदारावर कोणताही गुन्हा शाबित झाला आहे काय?’ पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. कसला गुन्हा, ते लिहायला जागा नव्हती. माणूस मारलेला असो की कुत्रा सुटलेला, चौकट तीच. आणि ‘हो’वर खूण झाली की बालवाडी बंद. बावीस मुलं होती तिथे. त्यातल्या सहा जणांना नुकतीच कुठे आपली आपली बटणं लावता यायला लागली होती.

बाई एका वकिलाकडे गेल्या. त्याने पेन्शनरचं वय विचारलं आणि म्हणाला, “निकाल लागेपर्यंत टिकेल का तो?” बाई उठून घरी आल्या आणि अपील स्वतःच लिहायला बसल्या. दादाला ऐकून हसू आवरेना. “आता न्यायाधीशांकडून पाढे म्हणून घेणार का?” तो म्हणाला.

अपील पहिल्यांदा परत आलं, कारण समास अरुंद होता. दुसऱ्यांदा आलं, कारण कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी काही चूक सापडेना, तेव्हा खिडकीतला कारकून जरा हिरमुसला. मग त्याने विचारलं की गुन्हा कबूल केला असेल तर अपील कशाचं? बाई म्हणाल्या की मी काय कबूल केलं ते मला आधी वाचायचं आहे. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं, त्यामुळे नकार कोणत्या नियमाखाली द्यायचा हे त्याला आठवेना, आणि बाईंना कागदपत्रांची नक्कल मिळाली.

नकलेत एक फोटो होता. वह्यांच्या दुकानाबाहेरचं बाक आणि बाकापुढे पेन्शनर, गळ्यात पट्टा नाही. बाईंना तो दिवस आठवला. त्या रंगीत कागद घेऊन बाहेर आल्या, तेव्हा श्वान विभागाचे निरीक्षक पेन्शनरला पट्टा अडकवत होते. गाठ सुटली असावी आणि भल्या माणसाने ती बांधली, असं समजून बाईंनी त्यांचे आभार मानले होते. पण आता फोटोच्या कोपऱ्यात बाकाचा पाय दिसत होता आणि त्या पायाला पट्ट्याची दोरी तशीच बांधलेली होती. गाठही त्यांचीच, बुटाच्या नाडीला मुलांना शिकवतात तशी दुहेरी. मोकळी होती ती दुसऱ्या टोकाच्या गळपट्ट्याची कडी. बाईंनी पेन्शनरच्या पंजाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ फोटोकडे.

अपिलाची सुनावणी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशीच आली. दादा गंमत बघायला म्हणून आला आणि मागे बसला. न्यायाधीशांनी कागद चाळले आणि म्हणाले, “बाई, कुत्रा माझा आहे असं म्हणणं हा गुन्हा नाही. हे ठीक. पण फोटोत तो मोकळा आहे.”

बाईंनी कोपऱ्यातली दोरी दाखवली. न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला आणि विभागातर्फे आलेल्या निरीक्षकांना विचारलं की कडी कोणी काढली.

“मीच, साहेब,” निरीक्षक अभिमानाने म्हणाले. त्या आठवड्यात कुत्र्यांची मोजणी होती. मोजणीच्या फोटोत फक्त जनावर दिसावं, पट्टा, साखळी किंवा माणूस दिसू नये, असा नियम होता.

“म्हणजे त्याआधी तो बांधलेला होता?”

“पक्का बांधलेला होता.”

“मग मोकळा कधी झाला?”

“फोटोपुरता, साहेब.”

“आणि गुन्हा?”

निरीक्षकांनी समजावून सांगितलं की गुन्ह्याचं काम त्यांच्याकडे नसतं. ते फोटो वरच्या मजल्यावर जातात. वरच्या मजल्याच्या तक्त्यात ‘बांधलेला’ की ‘मोकळा’ असा रकाना आहे, आणि तो फोटो बघून भरतात. त्या मोजणीत एकशे बारा कुत्रे मोजले गेले. एकशे बाराही मोकळे निघाले. बाकीच्या एकशे अकरा जणांनी दंड भरला होता.

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग त्यांनी शिक्षा रद्द केली. निकालात त्यांनी हेही लिहिलं, की हा निकाल याच कुत्र्यापुरता समजावा.

परवाना कार्यालय पाचला बंद होत असे. दादाने न सांगताच स्कूटर काढली. पाचला सात मिनिटं असताना बाई खिडकीपाशी पोचल्या. उभ्याउभ्याच त्यांनी अकराव्या रकान्यात ‘नाही’वर खूण केली आणि अर्ज आत सरकवला. आतल्या माणसाने एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने शिक्का मारला, अर्ज ढिगावर टाकला आणि “पुढचे” म्हणाला. अर्ज त्याने पाहिलाही नव्हता.

बाई हलल्या नाहीत. “अकरावा रकाना वाचा,” त्या म्हणाल्या.

“झालं ना तुमचं काम, बाई.”

“वाचा.”

तीस वर्षांत त्या आवाजाला कोणी दुसऱ्यांदा नाही म्हटलं नव्हतं. त्याने फोन खाली ठेवला, ढिगातून अर्ज काढला आणि पुटपुटला.

“मोठ्याने.”

“‘नाही,’” त्याने वाचलं.

“छान,” बाई म्हणाल्या आणि रांगेतून बाजूला झाल्या.