तात्पुरती बंद केलेली ओळ

धाकटीला आपल्या कामाची बढाई मारायची भारी हौस, आणि ऐकायला घरात आईशिवाय दुसरं कुणी नाही. त्यामुळे जिला मोबाइलवरचे फोटो धड पुसता येत नव्हते, त्या आईला ॲडमिन पॅनेल म्हणजे काय हे मात्र तोंडपाठ झालं होतं.

पॅनेल होतं एका संस्थेचं. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायकांना ती आसरा द्यायची. शहरभर विखुरलेली भाड्याची घरं, एकाच्याही दारावर पाटी नाही. कोणती बाई कोणत्या घरात, हे सगळं संचालिका बाईंच्या डोक्यात असायचं, आणि ते डोकं आता दमत चाललं होतं. धाकटीने आपणहून सगळं वेबवर बांधून दिलं, कारण तिची थोरली बहीण आणि भाची छकुली त्यातल्याच एका घरात होत्या. थोरलीच्या नवऱ्याने तिचा हात मोडला होता, आणि पुढच्या वेळी मान मोडीन असं बजावून ठेवलं होतं. तो बोलला तसं करणारा माणूस होता.

पॅनेल झालं त्या दिवशी धाकटीने बायकांच्या पानाची लिंक आईच्या फोनवर पाठवली. "उघडून दाखव बरं!" आईने बोट लावलं, तर समोर लॉगिन. "अगंबाई, मलासुद्धा बंद?" म्हणत आईने कौतुकाने मान डोलावली, आणि धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आज दुपारी धाकटी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. आई शेजारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एक उशीचा अभ्रा झटकत ती म्हणाली, "सकाळी जावईबापू आले होते."

धाकटीचे हात जागच्या जागी थांबले. "घरात घेतलंस?"

"छे गं, दारातच उभे होते. रडत होते. पोरीचं तोंड तरी बघू द्या म्हणाले. हलेचनात. मग दिली तुझी ती लिंक."

"काय दिलंस?"

"तीच गं, कुलूपवाली! म्हटलं, माझ्या पोरीने सगळं यात बंद करून ठेवलंय, बघा उघडतंय का. बसतील डोकं आपटत आणि सोडतील नाद. गेले की मुकाट्याने!" आई स्वतःवर जाम खूश होती.

धाकटीला हसूच आलं. आईने जावयाला बंद दारावर नेऊन उभं केलं होतं. आणि हसता हसता तिला ती ओळ आठवली.

परवा संचालिका बाईंनी तक्रार केली होती, पॅनेल मला सारखं बाहेर काढतंय म्हणून. दोष कुठे आहे ते बघायला धाकटीने प्रोग्राममधली लॉगिन तपासणारी ओळ तात्पुरती बंद केली. दोष सापडला, बाई खूश झाल्या, धाकटी चहा प्यायला उठली. या धंद्यात तात्पुरत्या गोष्टीइतकं दीर्घायुषी दुसरं काही नसतं.

तिने आईचा फोन ओढून घेतला आणि लिंकवर बोट ठेवलं. लॉगिन आलंच नाही. थेट पान उघडलं. थोरलीचं नाव, छकुलीचं नाव, गल्ली, इमारत, मजला. शेवटी संचालिका बाईंनी घातलेली सूचनासुद्धा: ओळखीच्या माणसाने बेल दोनदा वाजवावी.

धाकटीने सर्व्हरवरची नोंद पाहिली. सकाळी एका परक्या फोनवरून हेच पान उघडलं गेलं होतं.

तिने संचालिका बाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. या वेळी उचलला. "बाई, ताईला हलवा. आत्ताच्या आत्ता. भावजींकडे पत्ता आहे."

बाईंनी कसा, का, काही विचारलं नाही. "मी त्याच घरात आहे. फोन ठेवू नकोस." पावलं ऐकू आली, मग पडदा सरकल्याचा आवाज. "हेल्मेट लाल आहे का त्याचं?"

"हो."

"मघाशी समोरच्या दुकानापाशी उभा होता. आता दिसत नाही."

तेवढ्यात फोनमधून बेल ऐकू आली. लगेच पुन्हा एकदा. आणि मागोमाग छकुलीचा आनंदाचा आवाज, "मावशी आली! मावशी आली!"

"उघडू देऊ नका तिला!" धाकटी किंचाळली. धावपळ ऐकू आली, काहीतरी पडलं. "मागचा जिना," बाई कुजबुजल्या, आणि फोन बंद झाला.

पुढचा वेळ कसा गेला हे धाकटीला कधीच सांगता आलं नसतं. तिने ती ओळ चालू केली. आई अभ्रा छातीशी धरून उभी होती. "माझं काय चुकलं गं? तूच म्हणाली होतीस ना, कुणाला उघडत नाही?"

फोन वाजला. बाई होत्या, मागे गाडीचा आवाज. "निघालो. दोघी माझ्याजवळ आहेत. पोलिसांना कळवलंय, तुमच्याकडेही पाठवतायत. आता कुठे नेतेय ते सांगते, पॅनेलवर बदलून टाक."

"मावशी, तू कधी येणार?" छकुलीने मधेच विचारलं.

कुठे येऊ, हा प्रश्न धाकटीच्या अगदी ओठांवर आला. तो तिने गिळला. "बाई, नका सांगू. पॅनेलवर काहीच चढवायचं नाही. आणि मलाही सांगू नका. कधीच."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. धाकटीने पानावरचे सगळ्या बायकांचे पत्ते पुसून टाकले.

पोलिसांच्या आधी तो आला. आईने साखळी लावून ठेवली होती. दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून अर्धा चेहरा आणि लाल हेल्मेट दिसत होतं. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"उघड ते तुझं पान. मघाशी उघडत होतं, आता बंद केलंस."

धाकटी जीव मुठीत धरून लॅपटॉप घेऊन आली. त्याच्यासमोर पासवर्ड टाकला आणि स्क्रीन फटीकडे वळवली. नावं होती, पत्ते नव्हते.

"कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही."

"बहिणीला माहीत नाही? कुणाला शिकवतेस?"

"खरंच माहीत नाही, भावजी."

तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. ती शाळेत होती तेव्हापासून तो या घरात येत होता. ती खोटं बोलायला लागली की नजर खाली जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिची नजर खाली गेली नाही. शेवटी त्याने दाराला एक लाथ घातली आणि धडाधड जिना उतरून गेला. त्याला पटलं होतं.

धाकटीने दार लावून कडी घातली. आई तिचा खांदा हलवत विचारत होती, "अगं, सुखरूप आहेत ना दोघी? कुठे आहेत? मला तरी सांग." आणि धाकटीला तिलाही तेच उत्तर द्यावं लागलं.