पदरची पाच मिनिटं

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या बससेवेत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखून ते निवृत्त झाले, तेव्हा कचेरीने त्यांना एक घड्याळ दिलं आणि सहकाऱ्यांनी हे नाव. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नाव अजून चालू आहे.

रोज लाखभर माणसं इकडून तिकडे पाठवणाऱ्या या गृहस्थाचा स्वतःचा सगळ्यात लांबचा प्रवास सासुरवाडीपर्यंत झाला होता. तोही वऱ्हाडाच्या बसमधून, म्हणजे एका अर्थी टूरच.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर दोन कागद पसरले होते. मिनिटरावांच्या बाजूला टूर कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक, आणि पत्नीच्या बाजूला शाळेने मोडीत काढलेला भिंतीवरचा नकाशा. त्या भूगोल शिकवायच्या. सगळी आळी त्यांना बाई म्हणायची.

"सात दिवस, सहा रात्री," मिनिटराव वाचत होते. "न्यायला माणूस, सोडायला माणूस. बरोबर डॉक्टर. मागितली तर चाकाची खुर्ची."

"नदीचं मुख कधी?"

"पाचव्या दिवशी. दहा पंचावन्न ते अकरा वीस."

"पंचवीस मिनिटं?"

"प्रसाधनगृह धरून."

बाईंनी नकाशाचा कोपरा दाबून सरळ केला. घोडं अडलं होतं ते इथेच. ती मोठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे भरतीच्या वेळी पाण्याची भिंतच्या भिंत आत येते आणि नदी काही वेळ उलटी वाहते, हे बाईंनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बघितलंय?" बाईंच्या तोंडून निघून गेलं, "हो. दोनदा."

एकदा म्हणून भागलं असतं. पण दोनदा निघालं ते निघालं. थोरल्या बहिणींनी धाकट्यांना सांगितलं, आणि पुढे दरवर्षी वर्गच म्हणायचा, "बाई, ते दोनदा बघितलेलं सांगा ना." बाई सांगायच्या. इतकं सुरेख सांगायच्या की तपासणीला आलेले साहेबही वही मिटून ऐकायचे.

"एकतीस वर्षं थाप मारलीय मी," बाई म्हणाल्या. "गुडघा चालतोय तोवर ती खरी करायचीय. दोनदा बघितल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. सकाळची भरती आणि संध्याकाळची. आपलं आपण जायचं, आणि दिवसभर बसायचं."

"आणि रस्ता चुकलो तर?"

"विचारू."

"कुणाला?"

"माणसांना. असतील की तिथे."

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, बाबांचं ऐक. टूरनेच जा, माझ्या जिवाला घोर नको." मागून जावयाचा आवाज आला, "जाऊ दे की त्यांना," आणि तो लगेच कुणीतरी बंद केला.

अखेर तह झाला. त्याच कंपनीची ज्येष्ठांसाठी धरणापर्यंत एक दिवसाची नमुना-सहल होती. "जमलं तर टूर," बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर मी म्हणेन तसं."

सहलीत चाळीस म्हातारे होते, चाळीस पिवळ्या टोप्या होत्या आणि झेंडा घेतलेली एक खणखणीत आवाजाची गाइड होती. धरणाची नदी कुठल्या दिशेला वाहते ते तिने चुकीचं सांगितलं. बाईंनी दुरुस्त केलं. तिने पुन्हा चुकीचं सांगितलं. तिसऱ्या खेपेला तिने माइकच बाईंच्या हातात दिला. मिनिटराव खूश होते. वेळेवर चहा, वेळेवर बिस्किट, वेळेवर फोटो. असं आयुष्य असावं.

"अकरा वीसला बस सुटेल हं," गाइडने बजावलं.

अकरा सतराला बाई म्हणाल्या, "उठा."

"बस गं. चहा आहे अजून. अकरा वीस म्हणजे अकरा पंचवीस. वेळापत्रक करणारा पाच मिनिटं पदरची ठेवतोच."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतोय. चौतीस वर्षं ठेवलीयत."

अकरा चोवीसला दोघं बाहेर आले. बसच्या जागी तेलाचा डाग होता आणि एक कबुतर. गाइडने डोकी मोजली होती, चाळीस भरली होती. त्यातली दोन धरणावरच्या बागेतल्या माळ्यांची होती. त्यांना शहरात काम होतं, बसमध्ये दोन जागा रिकाम्या दिसल्या, चढले.

पंधरा मिनिटांनी बाईंचा फोन वाजला. गाइड रडकुंडीला आली होती. "काकू, मी बस वळवते."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि पिवळी टोपी कानावर आली होती.

"नको," बाई म्हणाल्या. "तेवढ्या लोकांना कशाला हेलपाटा. आम्ही येतो आपले."

"पण याल कसे?"

"बघू."

या सुरातलं 'बघू' मिनिटरावांनी अडतीस वर्षांपूर्वी एकदा ऐकलं होतं. त्याचं पुढे लग्न झालं होतं.

फाटकापर्यंत अर्धा किलोमीटर चालायचं होतं. बाईंच्या गुडघ्यासाठी दोघं तीनदा थांबले. मिनिटरावांना ज्याची ज्याची भीती होती ते सगळं घडून गेलं होतं, आणि आपण अजून उभे आहोत याचं त्यांना नवल वाटत होतं. तिसऱ्या थांब्याला त्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ आपल्याला कुणी हाक मारलेली नाही. त्यांनी टोपी काढून खिशात घातली.

फाटकाशी बसथांबा होता. पत्र्यावर वेळापत्रक होतं, उन्हाने उडालेलं, पण मिनिटरावांनी रकाने ओळखले. आपलं मूल गर्दीत ओळखावं तसे.

"बारा पाच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"बारा दहाला येईल."

बारा दहाला बस वळणावर दिसली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो जरा ताठ उभा राहिला.

काठी टेकत बाई एकेक पायरी चढल्या, तोवर ड्रायव्हरने बस हलवलीसुद्धा नाही. "सावकाश, काकू. वेळ आहे आपल्याकडे. हे टाइमटेबल करणारा कुणी भला माणूस होता बघा. दर फेरीत पाच मिनिटं लपवून ठेवलीत. आमच्या चहासाठी."

"चहासाठी नव्हे," मिनिटराव बोलून गेले. "म्हाताऱ्यांना चढायला."

ड्रायव्हरने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान लववली. त्यांच्या तिकिटाचे पैसे घ्यायला कंडक्टरला फार जड गेलं.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"वरिष्ठांनाही नाही सांगितलं. आई एकदा पायरीवर असतानाच बस सुटली होती. पडली नाही ती, पण त्यानंतर बसमध्ये बसली नाही." त्यांनी खिशातली पिवळी टोपी चाचपली. "त्या टूरच्या कागदात ही पाच मिनिटं कुठेच नाहीत गं. मी पुन्हा पुन्हा बघितलं."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही हरवलात म्हणे?"

"छे. आम्ही टूर सोडली," मिनिटराव राजीनामा दिल्याच्या थाटात म्हणाले. बोलता बोलता त्यांनी माहितीपत्रक उलटं केलं होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखत होते. ठिकाण, आगमन, प्रस्थान. प्रत्येक ओळीत पदरची मिनिटं होतीच, आता पाचाऐवजी पंधरा. नदीच्या मुखापुढे प्रस्थानाचा रकाना त्यांनी रिकामा सोडला. उभ्या नोकरीत असं त्यांच्या हातून झालं नव्हतं, म्हणून त्यांनी तो दोनदा तपासला.

दीड महिन्यानंतरच्या एका सकाळी दोघं त्या नदीच्या काठावर लाकडी बाकावर बसले होते. लॉजवाल्याने उशा दिल्या होत्या. वाटेत ते दोनदा चुकले होते, पाच जणांना खाणाखुणांनी विचारलं होतं, आणि त्यातल्या एका आजीने बाईंना हाताला धरून इथवर आणून सोडलं होतं.

धक्क्यावरच्या फळ्यावर भरतीची वेळ होती सात दहा. सात दहा झाले. पाणी गुपचूप समुद्राकडे चाललं होतं. सात बाराला त्यांनी मिनिटरावांची बाही धरली.

सात पंधराला दूरवर एक पांढरी रेघ उमटली. मग आवाज आला. मग रेघेची भिंत झाली, बांधलेल्या होड्या एकामागून एक वर उचलल्या गेल्या, आणि समुद्राकडे निघालेला एक ओंडका मधेच थबकला, स्वतःभोवती फिरला आणि आल्या वाटेने परत निघाला. बाई कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही. काठी बाकावरच होती.

"हिलाही कुणीतरी पाच मिनिटं ठेवलेली दिसतात," मिनिटराव पुटपुटले.

पाणी शांत झालं. बाईंनी डोळे पुसले, एक बोट वर केलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "एक."

मग त्या उशी नीट करून पुन्हा बसल्या. मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं. पुढची भरती संध्याकाळी सात पस्तीसला, म्हणजे सात चाळीसला. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं.