दीड वितीचा फरक

थोरलीने डोंगरमाथ्यावर उपग्रहाचं यंत्र लावलं आणि आकडा बघून तो पुन्हा एकदा घेतला. मोजणी खात्यात असताना तिच्या बाबांनी खोऱ्यातून दुर्बिणीने कोन घेऊन याच डोंगराची उंची काढली होती. गेली पस्तीस वर्षं नकाशात तीच छापली जायची. यंत्राच्या मते मात्र डोंगर चोपन्न मीटरनी ठेंगणा होता.

बाबांचा जीव त्या डोंगरात अडकलेला. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी भिंतीवरचा नकाशा बघावा लागायचा. संध्याकाळी त्यांनी विचारलंच, आणि थोरलीला खोटं बोलता येईना.

एरवी भाजीवाल्याच्या वजनकाट्याशीही भांडणारा माणूस एवढंच म्हणाला, "यंत्र कशाला खोटं बोलेल."

सकाळी नकाशा भिंतीवर नव्हता. त्याच्या जागी पांढरा चौकोन तेवढा उरला होता. "रात्रभर त्यांचा दिवा जळत होता," आई हळूच म्हणाली. आणि थोरलीला आजच नवी उंची साहेबांच्या हवाली करायची होती.

यंत्र दुसऱ्या शाखेकडून मागून आणलेलं. परत करण्याआधी ते ऑफिसच्या पायरीवरच्या, उंची आधीच ठाऊक असलेल्या पितळी खुणेवर ठेवून तपासायचं, हा खात्याचा शिरस्ता. ऑफिस बंदराला लागून, खूण समुद्रापासून नऊ मीटर वर. यंत्राने दाखवलं, उणे पंचेचाळीस.

साहेब डोकावले. "म्हणजे आपण सगळे समुद्राच्या तळाशी बसून चहा पितोय की."

थोरली हसली आणि हसता हसता तिने कपाळावर हात मारला. उपग्रहाला समुद्र कुठला ठाऊक? तो उंची मोजतो एका कल्पनेतल्या गुळगुळीत पृथ्वीपासून. इथे त्या पृथ्वीचा पृष्ठभाग समुद्राच्या चोपन्न मीटर वर, तेवढं अंतर मिळवावं लागतं. त्यांच्या नेहमीच्या यंत्रात ते आपोआप मिळवलं जायचं. या उसन्या यंत्रात ती सोय बंद होती आणि थोरली बाईसाहेबांनी ते बघितलंच नव्हतं. तिने बेरीज केली, पुन्हा केली. डोंगर पुन्हा उंच झाला.

दुपारच्या सुट्टीत ती तडक घरी गेली. "बाबा, चूक माझी होती. तुमचा डोंगर जिथल्या तिथे आहे. फरक फक्त दीड वितीचा."

बाबा खुर्चीत टेकले.

"रात्रभर माझी चूक शोधत होतो," ते म्हणाले. "सापडलीही होती."

"कुठली?"

"शेवटचा कोन घेत होतो आणि निरोप आला, मुलगी झाली म्हणून. डोळे भरून आले. दुर्बिणीतून धड दिसेना. तरी वाचला तो आकडा, पुन्हा काही घेतला नाही. घरी पळायचं होतं ना."

थोरलीने कपाटामागून नकाशा काढून खिळ्याला लावला.

"दीड वीत म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तेवढी तुझी."